किरण आला की किरण आली?

बाळाचं नाव ऐकून ते मुलगा की मुलगी हे कळलंच पाहिजे, असा एक हट्ट. आणि ते कळताच कामा नये, असा दुसरा. गोव्यातल्या मराठी घरांत अलीकडे बारशाचं निमित्त झालं की ही जुगलबंदी ठरलेली. तरुण आईबाप ‘स्पंदन’, ‘क्षितिज’, ‘अर्पण’ असं काहीतरी नाव काढतात, ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं आणि कुणीतरी म्हालगडा, म्हणजे घरातला वडीलधारा, विचारतो, ‘नाव बरं आहे, पण बाळ काय आहे?’ तिथून पुढे नाव बाजूला राहतं. एकीकडून पाश्चात्त्यांचं खूळ, संस्कृती बुडाली, उद्या आणखी काय बघावं लागेल कोण जाणे. दुसरीकडून समानता, नवी पिढी, जगात आता असंच चालतं. फोंडा असो, म्हापसा असो की मडगाव, दोन्हीकडची वाक्यं तीच. मला दोन्ही बाजू कच्च्या वाटतात. पहिल्यांनी आपली परंपरा नीट पाहिलेली नाही आणि दुसऱ्यांनी आपला समाज.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नावाने लिंग जाहीर केलंच पाहिजे असा नियम कायद्याचा नसावा आणि रीतीचाही नसावा. मात्र तसं नाव ठेवल्याने मुलीच्या पदरात काही जास्त पडतं, हा समज भाबडा आहे. मुलीच्या नावावरून भांडायचंच असेल तर ते नाव तिच्या भावाच्या नावाइतकं टिकतं का, यावर भांडावं. त्या भांडणाला मात्र कुणी तयार नसतं.

पहिल्या बाजूच्या हातात एक भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘आपल्याकडे पूर्वीपासून सगळी नावं दोघांनाही चालायची’ असं जे ठोकून दिलं जातं, ते खरं नाही. घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या पारस्कर गृह्यसूत्रात नामकरणाचा विधी आहे. त्यात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं आणि मुलीचं विषम अक्षरांचं, आकारान्त असावं, असं स्पष्ट सांगितलं आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचं नाव उच्चाराला सोपं, मनाला गोड वाटणारं, मंगल आणि दीर्घ स्वरात संपणारं हवं, असं म्हटलं आहे. म्हणजे नावात भेद हवा हा आग्रह आपल्याकडे जुनाच आहे. तो कुणी इंग्रजांनी आणून ठेवलेला नाही.

पण मग त्याच मनुस्मृतीचा तिसरा अध्यायही उघडावा. नक्षत्र, झाड, नदी, पर्वत, पक्षी, साप यांची नावं असलेल्या मुलीशी लग्न करू नये, असं तिथे बजावलं आहे. या हिशेबाने रोहिणी, रेवती, गंगा, यमुना, गोदावरी, तुळशी, मैना या सगळ्याजणी लग्नाच्या बाजारातून बाद. गोव्यातलं असं एक तरी जुनं घर दाखवा की ज्यात पणजीचं, खापरपणजीचं नाव गंगा किंवा यमुना नव्हतं. शास्त्राचा आधार घेणाऱ्यांनीच शास्त्र सोयीने घेतलं आणि नको ते शांतपणे सोडून दिलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, समाज असाच चालतो. फक्त मग ‘शास्त्रात सांगितलंय’ हे वाक्य वादात शेवटचं म्हणून टाकता येत नाही. शिवाय जे घरोघर म्हटलं जातं त्या विष्णुसहस्रनामाचं पहिलंच नाव ‘विश्वम्’ आहे, आणि ते नपुंसकलिंगी आहे. म्हार्दोळला जाऊन म्हाळसा नारायणीपुढे हात जोडणाऱ्याला तर हे वेगळं सांगायची गरज पडू नये. तिला विष्णूचं मोहिनीरूप मानतात आणि तिच्या अंगावर जानवं असतं.

आता खुद्द मराठी नावांकडे पाहू. किरण बेदी पोलीस अधिकारी, किरण मोरे यष्टिरक्षक. माणिक वर्मा गायिका, माणिक सरकार त्रिपुराचे माजी मुख्यमंत्री. सुहास जोशी अभिनेत्री, सुहास पळशीकर राज्यशास्त्राचे अभ्यासक. आपल्याकडे ज्योती म्हटलं की मुलगीच डोळ्यापुढे येते, आणि पश्चिम बंगालवर 1977 पासून 2000 पर्यंत राज्य केलं ते ज्योती बसूंनी. अशी जोडी सांगितली की समोरचा म्हणतो, ‘ते अपवाद.’ ते अपवाद नाहीत, असं मला वाटतं. आपल्या नावांची जुनी घडणच तशी होती. गंगाराम आणि गंगाबाई. तुळशीराम आणि तुळसाबाई. सखाराम आणि सखूबाई. विठोबा आणि विठाबाई. जनोबा आणि जनाबाई. रखमाजी तर थेट रखुमाईच्या नावावरून, आणि तो बाप्या, म्हणजे पुरुष. मूळ नाव दोघांचं एक. पुढे ‘राम’, ‘जी’, ‘बा’ लागला की पुरुष आणि ‘बाई’ लागली की स्त्री. मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर या आपल्या मातीतल्या दोन थोर गायिका. त्यांच्या नावातली ‘बाई’ काढून पाहा. ‘केसर’ उरतं, आणि उत्तरेत केसरसिंग नावाचे पुरुष खंडीभर सापडतील.

ही शेपटं गेल्या शतकात गळून पडली. शाळेच्या हजेरीपटावर आणि नोकरीच्या अर्जावर सुटसुटीत नाव हवं झालं, ‘बाई’ जुनाट वाटू लागली, ‘राव’ आणि ‘जी’ मागे पडले. जे काम शेपूट करत होतं ते सगळं आता एकट्या नावावर येऊन पडलं. म्हणून ‘नावावरून कळलंच पाहिजे’ हा आग्रह आज इतका कडक वाटतो. गंगारामच्या काळात गंगा कोण हे नावाच्या दुसऱ्या टोकाला कळत होतं. कुणाला चिंता नव्हती.

जगात इतरत्रही काही ठिकाणी हाच प्रकार दिसतो. शीख मुला-मुलींची नावं एकच असतात. गुरू ग्रंथसाहिब उघडून निघालेल्या वचनाच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठरतं, ते गुरप्रीत असो की मनजीत. मुलगा असेल तर पुढे सिंग, मुलगी असेल तर कौर. ही रीत 1699 च्या वैशाखीला गुरू गोविंदसिंगांनी केलेल्या खालसा स्थापनेशी जोडली जाते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचा कर्णधार हरमनप्रीत सिंग, आणि 2025 चा एकदिवसीय विश्वचषक जिंकणाऱ्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार हरमनप्रीत कौर. एकाचं अभिनंदन दुसरीला गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. शेर्पांमध्ये जन्मवारावरून नाव ठेवतात: सोमवारी जन्मलं तर दावा, शुक्रवारी जन्मलं तर पासांग, मग ते कुणीही असो. 1993 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलेली पहिली नेपाळी महिला पासांग ल्हामू. तिच्या नावातलं ‘पासांग’ शुक्रवार सांगतं आणि ‘ल्हामू’ म्हणजे देवी. उलट घानामधल्या अकान लोकांतही वारावरूनच नाव, पण तिथे शुक्रवारचा मुलगा कोफी आणि शुक्रवारची मुलगी अफुआ. नायजेरियातल्या योरुबा भाषेत बहुतेक नावं दोघांनाही चालतात, कारण ती नावं म्हणजे घरच्या आनंदाची किंवा देवाच्या उपकाराची छोटी वाक्यं असतात. फक्त आजोबा गेल्यावर झालेला नातू बाबातुंदे, म्हणजे बाप परत आला, आणि आजी गेल्यावर झालेली नात येतुंदे. कुठे भेद करायचा आणि कुठे नाही हे प्रत्येकाने आपापल्या गरजेनुसार ठरवलं आहे. यातलं नैसर्गिक कुठलं आणि विकृत कुठलं, हे कसं ठरवणार?

एवढं लांब कशाला जायचं? दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत शेजारच्या ख्रिस्ती वाड्यावर चला. रोझारियो हे नाव धारण करणारे, गावात ‘रुझार’ म्हणून हाक मारले जाणारे दणकट बापे आपण लहानपणापासून पाहत आलो. हे नाव येशूच्या आईच्या, मारियेच्या, जपमाळेचं. स्पेनमध्ये ते बायकांचं, इटलीत पुरुषांचं. पणजीतलं पायऱ्यांवरचं पांढरंशुभ्र चर्च मारियेच्या ज्या रूपाला वाहिलेलं आहे, त्यावरून ठेवलेलं कोन्सेसांव हे नाव पोर्तुगालात मुख्यतः बायकांचं. आमच्याकडे ते पुरुषही मिरवतात. झुझे मारिया म्हटलं की पुरुष, मारिया झुझे म्हटलं की स्त्री. नावं तीच, फक्त क्रम उलटा. मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धाचा एक सेनानी होसे मारिया मोरेलोस, आणि त्याच देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाने स्वतःचं नाव बदलून ग्वादालुपे व्हिक्टोरिया असं घेतलं. ग्वादालुपे म्हणजे तिथली मारियामाता. लढाईला निघालेल्या पुरुषाने देवीचं नाव घेतलं म्हणून त्याच्या मर्दानगीवर कुणी शंका घेतल्याची नोंद नाही.

आणि गंमत पाहा, ज्या पाश्चात्त्यांचं हे खूळ म्हणून आपण बोटं मोडतो, त्यांच्याच देशांत नावाने लिंग सांगावं अशी सक्ती राहिली आहे. जर्मनीत ती होती. तिथे एका जोडप्याने, त्यातला नवरा भारतीय वंशाचा, आपल्या मुलीचं नाव ‘किरण’ ठेवलं. नोंदणी कचेरीने ते नाकारलं, कारण त्यावरून मुलगी आहे हे कळत नाही. सोबत स्पष्टपणे मुलीचं असं दुसरं नाव जोडा, असा हट्ट. प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. 2008 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नावाने लिंग दाखवलंच पाहिजे असं बंधन नाही. नावामुळे मुलाच्या हिताला धक्का बसत असेल तरच आईबापांना अडवता येईल. आइसलँडमध्ये ब्लेर नावाच्या मुलीला पंधरा वर्षं सरकारी कागदांवर नुसतं ‘मुलगी’ म्हणून जगावं लागलं, कारण नावांच्या समितीच्या मते ब्लेर, म्हणजे वाऱ्याची झुळूक, हा शब्द पुल्लिंगी. 2013 मध्ये ती कोर्टात जिंकली आणि 2019 च्या कायद्याने तिथे नावांची स्त्री-पुरुष वाटणीच काढून टाकली. पोर्तुगालमध्ये असं बंधन सैल करणारं विधेयक संसदेने मंजूर केलं, तर 2024 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांनी ते परत पाठवलं. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जन्माची नोंद लिस्बनला करून घ्यायला धावपळ करणाऱ्या आपल्या गोंयकारांना हे ठाऊक असलेलं बरं. म्हणजे जर्मनीत ज्या ‘किरण’साठी घटनात्मक न्यायालयापर्यंत जावं लागलं, ती किरण डिचोलीच्या शाळेत दाखल झाली असती तर मास्तरांनी मान वर न करता नाव लिहून घेतलं असतं. मग आता आपण कुणाचं खूळ उचलतो आहोत?

सर्वांत अवघड आक्षेप व्याकरणाचा आहे आणि तो करणारा माणूस सहसा शांतपणे करतो, म्हणून त्याला उत्तर देणं जास्त जड जातं. तो म्हणतो, इंग्रजीत ‘किरण केम’ म्हणून सुटता येतं. मराठीत किरण आला तरी म्हणावं लागतं किंवा आली तरी. पहिल्याच क्रियापदाला नाव उघडं पडतं. मग हा सगळा खटाटोप कशाला? मान्य. लिंग लपवायचं म्हणून कुणी असं नाव ठेवत असेल तर मराठीत तो बेत तिसऱ्या शब्दाला फसतो. पण याच आक्षेपाला दुसऱ्या बाजूने धरा. ज्या भाषेत क्रियापद, विशेषण, सर्वनाम सगळेच लिंग सांगत सुटलेले असतात, तिथे नावानेही तेच पुन्हा सांगण्याची निकड काय? गंगारामच्या काळात शेपूट हे काम करत होतं, आज क्रियापद करतं आहेच. भाषेच्या घडणीवरून नावांची रीत ठरते, हेही खरं नाही. हंगेरियन भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द आहे, तरी तिथे मान्य नावांची यादी मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी. तुर्की भाषेतही एकच सर्वनाम, आणि तिथे देनिझ, म्हणजे समुद्र, हे नाव मुलगा-मुलगी दोघांचं. पंजाबीत क्रियापदाला लिंग आहे, तरी नावं सामाईक.

कोंकणीने तर या व्याकरणाच्या आक्षेपाची वेगळीच गंमत करून ठेवली आहे. लहान मुलीबद्दल, घरातल्या तरुण लेकीबद्दलही ‘तें आयलें, तें गेलें’ असं आपण सर्रास बोलतो. सगळ्या गोव्यात हजारो सीता, गीता, मारिया रोज नपुसकलिंगात ये-जा करत असतात आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. उलट त्यात माया वाटते. नाव स्त्रीलिंगी, क्रियापद नपुसकलिंगी, पोर आपली खेळायला पळालेली. मग नाव नपुंसकलिंगी आणि क्रियापद स्त्रीलिंगी झालं तर आभाळ का कोसळावं?

राहिल्या व्यवहारातल्या अडचणी. वसतिगृहात भलत्या मजल्यावर खोली मिळते, पाकिटावर ‘श्री. सुमन’ छापून येतं, दवाखान्यात नाव पुकारलं की लोक माना वळवतात. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या सोसाव्या लागतात मुलांना, आईबापांना नव्हे. हौस एकाची आणि ओशाळणं दुसऱ्याचं. पण जवळजवळ प्रत्येक अर्जावर लिंगाचा रकाना वेगळा असतो. तो न वाचता नावावरून अंदाज बांधणाऱ्या कारकुनासाठी पोरांची नावं बेतायची का?

इथवर वाचून नव्या विचाराची मंडळी खूश झाली असतील, तर आता त्यांच्याकडे वळतो. त्यांचा दावा असा की नाव तटस्थ झालं की भेदभावाचा पाया ढिला होतो. या दाव्याला आधार अजिबात नाही असं नाही. 2012 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी विज्ञान शाखांतल्या 127 प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला. काहींच्या प्रतीवर नाव जॉन, काहींच्या प्रतीवर जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला सरासरी तीस हजार डॉलरच्या वर पगार सुचवला गेला. जेनिफरला साडेसव्वीस हजार. अर्ज अक्षरशः तोच होता. तपासणाऱ्यांत बायकाही होत्या आणि त्यांनीही तेच केलं. त्या अर्जावर ‘किरण’ असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न पडणारच. पण मुलाखतीला किरण समोर येऊन बसल्यावर काय? नावाने दार उघडेल, खुर्ची मिळेलच असं नाही. आपली मुलगी आहे हे लपवून तिला न्याय मिळवून द्यायचा, ही समानतेची फार विचित्र कल्पना झाली.

त्याहून मोठा पुरावा घरचाच आहे. पंजाबात कित्येक पिढ्या मुलामुलींची नावं सामाईक आहेत. नावांनी समानता येत असती तर ती सगळ्यांत आधी तिथे यायला हवी होती. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे पंजाबात मुली होत्या 798. देशाची सरासरी 927. दहा वर्षांनी, बराच आरडाओरडा आणि कायदेकानू झाल्यावर, पंजाबचा आकडा 846 वर आला. गुरप्रीत हे नाव तयार होतं, पण ते घ्यायला गुरप्रीत कौर जन्मालाच येऊ दिली नाही. हे वाचल्यावर ‘नाव बदला, समाज बदलेल’ असं कुणाला म्हणवेल?

आणखी एक गोष्ट ही मंडळी सोयीने विसरतात. तटस्थ नावांचा प्रवास बहुतेक वेळा एकाच दिशेने होतो. ॲशली, लेस्ली, बेव्हर्ली, शर्ली ही इंग्रजी नावं एके काळी पुरुषांची होती. मुली ती घेऊ लागल्या आणि मुलांनी ती टाकून दिली. पडद्यावरचा रांगडा काउबॉय जॉन वेन जन्माला आला तेव्हा त्याचं नाव मॅरियन होतं. ते त्याच्या भूमिकांना परवडणारं नव्हतं. आपल्याकडे पाहा. मुलीचं नाव क्षितिज, अर्पण किंवा तेजस ठेवणारे आईबाप पुरोगामी म्हणून मिरवतात. मुलाचं नाव कुसुम ठेवणारा बाप मला दाखवा. नव्या पिढीच्या तटस्थ नावांची यादी नीट वाचली तर ती बव्हंशी मुलग्यांच्या नावांची, मुलींना वापरायची परवानगी दिलेली यादी असते. शाळेत सुमन नावाच्या मुलाला चिडवतात आणि तेजस नावाच्या मुलीला शाबासकी मिळते. का, ते सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. जुन्या काळी मात्र मुलाच्या नाकात नथ घालून त्याला नथू म्हणत. पोरं जगत नसत, तेव्हा ही मुलगीच आहे असं भासवून मुलगा वाचवायचा. मुलीला न्यायला दृष्टसुद्धा उत्सुक नसते, असा त्यामागचा हिशेब.

म्हणून मला नावाच्या लिंगापेक्षा त्याच्या अर्थाची आणि मालकीची काळजी जास्त वाटते. अर्थाचं म्हणाल तर मोबाइलवरच्या याद्यांनी सगळा आनंदीआनंद करून ठेवला आहे. ज्या ध्वनीचा कशाशी मेळ लागत नाही तो एक तर विष्णूचं नाव असतो नाहीतर लक्ष्मीचं, आणि विष्णूची हजार नावं असल्यामुळे कुणी तपासायला जात नाही. ते एक वेळ हसण्यावारी नेता येईल. हसण्यावारी नेता येत नाही ते ‘नकुशी’. साताऱ्यात 2011 मध्ये सरकारी पुढाकाराने अडीचशेहून जास्त मुलींची नावं एका समारंभात बदलली गेली. त्या सगळ्या नकुशी, नकुसा होत्या. नको असलेली. मंगल अर्थ सोडला तर हे नाव शास्त्राच्या कसोटीला उतरतं, हे ध्यानात घ्या: तीन अक्षरं, शेवटी दीर्घ स्वर, मुलगी आहे याबद्दल तिळमात्र शंका नाही. लिंग स्पष्ट असण्याने त्या पोरींचं काय भलं झालं?

आणि मालकी. मुलीचं नाव किती जपून, किती वाद घालून ठेवा. आपल्याकडच्या अनेक घरांत लग्नाच्या दिवशी तांदळाचं ताट पुढे येतं आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात दुसरं नाव लिहितो. ज्या काळाला आपण सुधारणेचा काळ म्हणतो, त्यातली नावं पाहा. पहिल्या मराठी स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये पुनर्विवाह केला ती गोदू लग्नानंतर आनंदी झाली. चौघीही नद्या, मनूच्या यादीतल्या. चौघींनाही नव्या नावाने नवऱ्याच्या घरी जावं लागलं. मनूचं वाचून कुणी हे केलं असं मी म्हणत नाही. रीत होती, म्हणून केलं. गोपाळ, महादेव, बाळ आणि धोंडो मात्र जन्मभर तेच राहिले, आणि यांतले बहुतेक पुरुष त्या काळाच्या मानाने बायकोच्या शिक्षणासाठी जिवाचं रान करणारे होते. आनंदीबाईंनी 1886 मध्ये अमेरिकेतून पदवी आणली, पण ज्या नावाने आणली ते नवऱ्याने दिलेलं होतं.

गोव्यात हा विरोधाभास जास्तच बोचतो. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आपल्या कौटुंबिक कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा असतो. आईबापांच्या इस्टेटीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. देशभर आपण याचं कौतुक मिरवतो आणि ते मिरवण्यासारखं आहेच. ज्या बाईला कायदा घराची निम्मी मालकीण मानतो, तिला रीत स्वतःच्या नावाचीही मालकीण मानत नाही. नाव बदलावं असं कुठलाही कायदा सांगत नाही. पदवीवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि ही सगळी एकच बाई असल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन ती नोटरीच्या दारात उभी. भावाला असं प्रतिज्ञापत्र कधी करावं लागतं?

‘पुष्कळ मुलींना नवं नाव आवडतं, त्या हौसेने घेतात,’ असं यावर सांगितलं जातं. ते खोटं नाही. नको असलेल्या नावातून सुटायला कुणाला ती संधी वाटते, कुणाला नव्या संसाराची ती खूण वाटते. आजकाल काही ठिकाणी दोघं मिळून नाव ठरवतात, तर काही ठिकाणी नवरा ताटात बायकोचं तेच माहेरचं नाव लिहून रीत साजरी करतो. माझा आक्षेप आवडीला नाही. हौसच असेल तर एखाद्या नवरदेवाला तरी ती अधूनमधून व्हायला हवी होती. बायकोने अंगठी घेऊन तांदळात आपलं नवं नाव लिहावं, असं वाटणारा वर मला अजून भेटलेला नाही.

तेव्हा ‘स्पंदन’ की ‘स्पंदना’ यावर ग्रुपवर रात्र जागवणाऱ्या आईबापांना माझी एकच सूचना आहे. हॉल कुठला, दागिने किती आणि जेवणात काय याची बोलणी ज्या बैठकीत होतील, त्याच बैठकीत एक वाक्य घाला की आमच्या मुलीचं नाव बदलणार नाही. पंचवीस वर्षांनी ते वाक्य म्हणायची तयारी असेल, तर आज पाळण्यात नाव कुठलंही ठेवा.